पहिला ड्रमसंच आणि प्रौढ विद्यार्थी

लय हा शब्द मराठीच्या अध्यापकाला जितका स्वस्त आहे तितका तो अन्य कोणाला क्वचितच असेल. अभंगाची लय, मुक्तछंदाची अंतर्लय, गद्याची लय. तासागणिक आम्ही तो वापरतो आणि काही बिघडत नाही, कारण वर्गात तो कोणी मोजून मागत नाही. वाशिम जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्या आम्हां तिघांना चाळिशी ओलांडल्यावर ड्रम शिकण्याची इच्छा झाली, तिच्यामागे हा संकोच थोडाफार होताच. तिघांनी वर्गणी काढून एक इलेक्ट्रॉनिक ड्रमसंच घेतला. तो आमच्यापैकी एकाच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत उभा आहे. घेण्यापूर्वी पुष्कळ वाद झाले, वाचन झाले, दुकाने पालथी घातली गेली, आणि त्यातून आमचे एक मत बनले. प्रौढ नवशिक्याने पहिला संच निवडताना त्यात आवाज किती आहेत हे पाहण्यात वेळ घालवू नये. आपली चूक तो किती प्रामाणिकपणे परत ऐकवतो हे पाहावे.

बाजाराचे मत याच्या बरोबर उलट आहे. एका मोठ्या शहरातील दुकानदाराने आम्हांला अर्धा तास केवळ आवाज ऐकवले: ढोलकी, तबला, दरवाजा आपटल्याचा आवाज, काच फुटल्याचा आवाज. संचासमोरच्या स्टुलावर बसून पाहा, असे तो एकदाही म्हणाला नाही. त्याचा आग्रह ऑक्टापॅडचा होता, आणि त्यात त्याचे फारसे चुकत होते असेही नाही. महाराष्ट्रात ‘इलेक्ट्रॉनिक ड्रम’ म्हटले की डोळ्यांसमोर तेच येते: ऑर्केस्ट्राच्या मंचावर उभा राहून दोन काठ्यांनी आठ चौकोन बडवणारा तरुण. गणेशोत्सवात तो असतो, लग्नाच्या स्वागतसमारंभात असतो, एप्रिलमध्ये भीमगीतांच्या रात्रीच्या कार्यक्रमात असतोच असतो. रोलँड या जपानी कंपनीने १९८५ मध्ये पहिला ऑक्टापॅड काढला. त्यात स्वतःचा एकही आवाज नव्हता, तो दुसऱ्या यंत्रातले आवाज वाजवण्याचे केवळ साधन होता, हे आज त्याच्याकडे पाहून कोणाला खरे वाटणार नाही. पुढच्या आवृत्त्यांत आवाज आत आले आणि आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांनी कंपनीचे ते नाव सामान्यनाम करून टाकले.

पण ऑक्टापॅड हे तयार वादकाचे वाद्य आहे, असे आमचे मत. त्याच्या हातात ताल आधीच असतो. त्याला एकाच जागेवरून दहा वाद्यांची जागा भरून काढायची असते. नवशिक्याच्या हातात ताल नसतो, आणि पायात तर त्याचा मागमूसही नसतो. ऑक्टापॅडला पायाचे पेडल जोडता येते हे खरे. जोडून शिकणारा मात्र आम्हांला अजून भेटलेला नाही. ड्रमसंचाची सारी अडचण आणि सारी गंमत चार अवयवांच्या फारकतीत आहे. उजवा हात एका चालीने जातो, डावा मधेच एखादाच आघात करतो, उजवा पाय तिसरेच काही सांगतो आणि डावा हाय-हॅटच्या झांजा उघडतो-मिटतो. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी आपला उजवा पाय आपले ऐकत नाही, तो उजव्या हाताच्या मागे मेंढरासारखा जातो, हे कळणे मोठे बोधप्रद असते.

इलेक्ट्रॉनिक ड्रमचा इतिहास आवाजाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आम्हांला तो स्पर्शाचा वाटतो. १९८१ मध्ये इंग्लंडातील सिमन्स कंपनीने षट्कोनी पॅडचा संच आणला. त्याचा आवाज त्या दशकातल्या असंख्य गाण्यांत ऐकू येतो, पण पॅड कठीण प्लास्टिकचे होते आणि वादकांची मनगटे दुखत. नंतर रबराचे पॅड आले. १९९७ मध्ये रोलँडने ताणून बसवलेल्या जाळीचे, म्हणजे मेशचे, पॅड बाजारात आणले. जाळी ढोलाच्या पानासारखी कमीअधिक ताणता येते, काठीला उसळी देते आणि रबरापेक्षा खूपच कमी खडखडते. बरीच वर्षे ती केवळ महागड्या संचांत असे. आता बेताच्या किमतीच्या संचांतही मिळते. तेव्हा रबर की जाळी असा प्रश्न असेल तर निदान स्नेअरसाठी तरी जाळीच घ्यावी. प्रौढाची मनगटे काही विशीतली नसतात.

पॅडच्या पोटात पीझो नावाची एक चकती असते. काठी पडली की तिची कंपने विजेच्या स्पंदात बदलतात, आणि मॉड्यूल नावाची पेटी त्या स्पंदाच्या बळावरून साठवलेला आवाज किती जोराने वाजवायचा ते ठरवते. १९८३ मध्ये रूढ झालेल्या मिडी या संकेतप्रणालीत या जोराच्या १२७ पायऱ्या आहेत. हलक्या प्रतीच्या पॅडवर प्रत्यक्षात त्यांतल्या थोड्याच हाती लागतात: हळू वाजवले तर काहीच उमटत नाही, जरा जोर दिला की एकदम कमाल. अशा पॅडवर वाजवणाऱ्याला वाटते की आपण छान वाजवतो आहोत, कारण यंत्र त्याच्या सगळ्या वाकड्यातिकड्या आघातांना एकाच उंचीचे करून देते. दुकानात परीक्षा करायची तर सोपी आहे. स्नेअरवर सारख्या गतीने वाजवत राहावे आणि जोर कमी कमी करत जावे. आवाज कुठे नाहीसा होतो ते ऐकावे. मग पॅडच्या कडेवर, म्हणजे रिमवर, काठी टेकवून वेगळा आवाज निघतो का ते पाहावे. एवढी परीक्षा आवाजांच्या यादीपेक्षा अधिक सांगते.

येथे साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी थोडे विषयांतर करतो. खरे तर ते विषयांतर नाही. वृत्तविचार शिकवताना आम्ही लघूला एक मात्रा आणि गुरूला दोन मात्रा देतो. अक्षर किती काळ टिकते हे आम्ही मोजतो. त्यावर किती भार पडतो हे बहुधा चालीवर सोपवून मोकळे होतो. माधव ज्युलियन यांना ‘छंदोरचना’बद्दल मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये डी. लिट्. दिली, त्या ग्रंथाचा धाक आमच्या पिढीपर्यंत टिकला आहे आणि तो योग्यच आहे. पण फळ्यावर लगक्रम मांडून झाला की कवितेची लय सांगून झाली, असा समज वर्गात नकळत पसरतो. संचावर पुढील प्रयोग करून पाहावा. आठ समान अंतराचे आघात घ्यावेत आणि पहिल्या व पाचव्यावर भार द्यावा. मग अंतर तसेच ठेवून भार पहिल्या, चौथ्या व सातव्यावर न्यावा. मात्रा आठच आहेत, काळ तोच आहे, तरीही दुसरी चाल पहिलीची कोणी लागत नाही. पहिलीत माणूस चालतो, दुसरीत त्याचे पाय थिरकतात. आम्ही हा प्रयोग द्वितीय वर्षाच्या वर्गात बाकावर बोटांनी करून दाखवला. भाराविषयी त्या दिवशी जेवढे प्रश्न आले तेवढे आमच्या आठवणीत कधी आले नव्हते. जोराचे बारकावे गिळून टाकणाऱ्या पॅडवर हा प्रयोग करताच येत नाही.

व्यावहारिक गोष्टी थोडक्यात. हेडफोन लावला की संच मुका होतो, ही जाहिरात अर्धीच खरी आहे. काठ्यांची टकटक शेजारच्या खोलीत जाते, आणि पायाच्या पेडलचा धक्का स्लॅबमधून थेट खालच्या बिऱ्हाडात उतरतो. प्लायवूडचे दोन तक्ते घेऊन त्यांच्यामध्ये टेनिसचे चेंडू बसवायचे आणि त्यावर संच ठेवायचा, ही युक्ती जगभर चालते, आमच्याकडेही चालली. काही संचांत बीटरशिवायचे पेडल असते. त्याचा धक्का कमी लागतो, पण खऱ्या बीटरचे वजन पायाला कळत नाही, म्हणून आम्ही ते टाळले. स्टूल आणि हेडफोन बहुधा संचासोबत येत नाहीत, त्यांचे पैसे आधीच बाजूला ठेवावेत. वीज गेली की सारे ठप्प होते. उन्हाळ्यात ती आमच्याकडे जाते. त्यासाठी रबराचे साधे प्रॅक्टिस पॅड जवळ असावे. वाशिममध्ये तबला, ढोलकी, टाळ सहज मिळतात. पूर्ण संच मांडून ठेवलेला आम्हांला आढळला नाही. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह ज्या वत्सगुल्म नगरीत होतो ती हीच. (विवाह गांधर्व पद्धतीचा असल्याने वाजंत्र्यांची सोय पाहावी लागली नसावी.) घरपोच मागवणे आता सोपे आहे, पण त्याआधी एकदा नागपूरला किंवा आणखी कोठे संच असेल तिथे जाऊन त्यावर तासभर बसून यावे. किमती सतत हलत असल्याने आकडे देत नाही. एवढे मात्र नोंदवतो की तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना ही हौस परवडत नाही. आमच्यातही वर्गणी समान नव्हती.

आता लाजेविषयी. प्रौढ नवशिका ही वऱ्हाडाला नवी गोष्ट नाही. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेत किंवा गावच्या भजनात चाळिशीचा माणूस येऊन बसतो, कोणीतरी त्याच्या हाती टाळ किंवा खंजिरी देते, आणि दोन-चार महिन्यांत तो समेवर येऊ लागतो. तुकडोजी महाराजांची खंजिरी या भागात घरोघरी ठाऊक आहे. भजनात चुकणाऱ्याला समूह झाकून घेतो. वीस टाळांत एक मागे पडला तर कोणाच्या लक्षात येत नाही, आणि येऊनही कोणी बोलत नाही. ड्रमसंचाला असा समूह नाही. त्याचा आसरा हेडफोनचा: आपली चूक आपल्यालाच ऐकू येते. लहान गावात विद्यार्थ्यांच्या नजरेत राहणाऱ्या शिक्षकाला ही सोय फार मोलाची वाटते, हे आम्ही नाकारत नाही. पण भजनातला नवशिका पहिल्या दिवसापासून दुसऱ्यांबरोबर वाजवतो, आणि हेडफोनमधला वर्षानुवर्षे एकटाच वाजवू शकतो. म्हणून मॉड्यूलला बाहेर आवाज काढण्याची जागा आहे का हे विकत घेतानाच पाहावे, आणि शक्य तितक्या लवकर तिचा उपयोग करावा.

या एकांताला आणखी एक बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख आम्हांला पुरा वाटणार नाही. आमच्या गावगाड्यात डफडे कोणी वाजवायचे हे आवडीवरून ठरत नव्हते, जन्मावरून ठरत होते. मेलेले जनावर ओढायचे, कातडे कमवायचे आणि मिरवणुकीपुढे डफडे वाजवायचे ही कामे गावाने अस्पृश्य ठरवलेल्या जातींच्या माथी मारली होती. आंबेडकरी चळवळीत अनेकांनी हातातले डफडे खाली ठेवले, तो स्वाभिमानाचा निर्णय होता. त्याच वेळी याच जिल्ह्यातील पोहरादेवी येथे बंजारा समाजाने नंगारा आपल्या अस्मितेचे चिन्ह म्हणून जपला. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. चामड्याच्या वाद्याचा अर्थ एकाच जिल्ह्यात असा दोन टोकांना जातो. जाळीच्या पॅडला चामडे नाही म्हणून जातही नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. आम्हांला ते फार सोपे वाटते. वाजवण्याची हौस असणे आणि वाजवण्याची सक्ती असणे यांतले अंतर यंत्राने मिटत नाही. आमच्या आजोबांनी कधी वाद्य हाती धरले नाही, कारण त्यांच्यासाठी वाजवणारे दुसरे होते. मुक्या संचासमोर बसताना हे आम्हांला ठाऊक असलेले बरे.

गुरूविषयी एक सूचना. ड्रमसंच शिकवणारे बहुतेक साहित्य पाश्चात्त्य स्वरलेखनात असते आणि त्याने प्रौढ माणूस घाबरतो. तबल्याकडे बोल आहेत. हात चालण्याआधी तोंड चालते, आणि तोंडाने न येणारे हाताने येत नाही असे तबलजी सांगतात. आम्ही पायाला ‘धम्’, स्नेअरला ‘टक्’ आणि झांजेला ‘चिक्’ म्हणतो व वाजवण्याआधी ओळ तोंडाने म्हणून घेतो. शास्त्राला हे मंजूर आहे की नाही याची चौकशी केलेली नाही.

राहता राहिला ऑक्टापॅड. आमच्यातील एकाला वरील विवेचन मान्य नाही. त्याचे म्हणणे असे की पूर्ण संच हा मुळात एकट्या वादकाला चार माणसांचे काम लावणारा परका ढाचा आहे. आपल्याकडे ढोल एकाचा, ताशा दुसऱ्याचा, झांज तिसऱ्याची, आणि चूक तिघांत वाटली जाते. शिवाय शिकवणारा जो माणूस गावात प्रत्यक्ष भेटतो तो ऑक्टापॅडवालाच असतो, मग दूर नागपूरच्या दुकानात उत्तर शोधण्यात काय अर्थ आहे? दुसऱ्या मुद्द्याला आमच्याकडे उत्तर नाही. पहिल्यावर वाद चालू आहे. तूर्त तो महाशय आठवड्यातून दोन संध्याकाळी मॉड्यूलचा आवाज बाहेर काढून संचाचे फक्त स्नेअर वाजवतो, आणि पाय दुसऱ्या कोणीतरी सांभाळावेत असा त्याचा आग्रह आहे.