आमचा डोंगर कुणाच्या बॉयलरात?

परवा आमच्या बचत गटाची मीटिंग चालू होती. हप्त्यांचा हिशोब करता करता रस्त्यावरून लाकडाने खच्चून भरलेला ट्रक पोलादपूरच्या दिशेने गेला. ऐन, किंजळ, मधेच आंब्याचा एखादा जाडजूड बुंधा. कुणीतरी म्हणालं, "चालला बघा आपला डोंगर!" सगळ्या हसल्या. मला काही हसू आलं नाही. अशाच एका ट्रकातून आमचीही झाडं गेली आहेत.

उमरठ म्हटलं की तानाजी मालुसऱ्यांची समाधी. ती बघायला गाड्या येतात, फोटो निघतात, गाड्या जातात. मागे राहतो आम्ही बायका आणि म्हातारी माणसं. पुरुष मुंबईला, नाहीतर महाडच्या एमआयडीसीत कंत्राटावर.

आता सगळीकडे 'हिरवे उद्योग' हा शब्द ऐकू येतो. भारताने २०७० पर्यंत कार्बनचा हिशोब शून्यावर आणायचं जाहीर केलंय. महाराष्ट्राने २०२३ मध्ये हरित हायड्रोजनचं धोरण आणलं. युरोपने तर पोलाद, सिमेंट, खतं अशा मालावर कार्बनचा करच ठरवलाय. चांगलंच आहे. सावित्रीच्या पाण्याचं काय झालं ते खाडीकाठच्या भोई-कोळी बायकांना विचारा. धूर आणि घाण कमी व्हावी असं आमच्याइतकं कुणाला वाटणार?

पण बॉयलरमध्ये दगडी कोळशाऐवजी लाकूड नाहीतर भुशाच्या कांड्या घातल्या की कारखाना हिरवा झाला, असं जे म्हणतात, तिथे माझं अडतं. हिशोब असा, की झाड वाढताना जेवढा कार्बन घेतं तेवढाच जळताना सोडतं. कागदावर बरोबर आहे हो! पण तोडलेलं झाड परत तेवढं वाढलं तर ना? ऐन-किंजळाचा बुंधा ठेवला तर फुटतो, हे खरं. माझ्या सासूबाई सांगायच्या, पूर्वी एकदा तोडलं की पंधरा-वीस वर्षं त्या उताराकडे कुणी कुऱ्हाड घेऊन जात नसे. आता पोरगेलीच झाडं ट्रकात चढतात. तोडायला आणि भट्टीवर कोळसा पाडायला येतात ती कातकरी कुटुंबं, उचल घेतलेली, पोरांच्या शाळा सोडून. या हिरव्या हिशोबात ती कुठे आहेत?

२०१४ साली मुलीच्या नर्सिंगच्या ॲडमिशनसाठी आमच्या ह्यांनी वरचा उतार उभाच्या उभा ठेकेदाराला दिला. मीच म्हटलं होतं, द्या. मुलगी शिकली, आज स्वतःच्या पायावर उभी आहे. पण त्या उताराखालचा झरा एप्रिलपर्यंत टिकायचा, तो आता फेब्रुवारीतच आटतो आणि हंडा माझ्याच डोक्यावर येतो. तेव्हा झाडं विकणाऱ्याला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. दुसरी रोख रक्कम असते कुठे आमच्याकडे?

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळीयेवर दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच पावसात आपल्या तालुक्यात केवनाळे, सुतारवाडीलाही माणसं गाडली गेली. ते तोडीमुळेच झालं असं मी म्हणत नाही, पाऊसच तसा कोसळला होता. पण तेव्हापासून उघडा डोंगर बघितला की पोटात गोळा येतो.

जर्मनीने २०२० मध्ये कोळसा बंद करायचा कायदा केला, तेव्हा कोळशावर जगणाऱ्या प्रदेशांसाठी २०३८ पर्यंत ४० अब्ज युरोपर्यंत मदत ठरवली. आपण तेवढे श्रीमंत नाही, मान्य. पण महाडचा कारखाना हिरवा करायला सरकार सवलत देणार असेल, तर लाकूड कुठल्या गावच्या डोंगरावरून आलं हे त्याला विचारायला काय खर्च येतो? ग्रामसभेत तो हिशोब वाचून दाखवावा. जो झाडं राखेल त्याला वर्षाकाठी काही पैसे मिळावेत. आणि आमच्या मुलींना सोलर बसवायचं, दुरुस्तीचं काम शिकवा. घरावरच्या तीन किलोवॉटच्या सोलरला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. पण बसवायला माणसं बाहेरून येतात आणि बिघडलं की फोन उचलत नाहीत. (शिवाय लाइन गेली की साधं सोलरही बंद पडतं, हे आधी कुणी सांगत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे लाइन किती टिकते ते काय सांगायचं!)

कंत्राटी कामगारांचंही कुणी बोलत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाड एमआयडीसीत एका कंपनीत आग लागून अकरा कामगार गेले. नवी यंत्रं आली की आधी घरी बसणार तो कंत्राटीच. त्याला नवं काम शिकवायचा खर्च कुणाचा?

हे सगळं मी येत्या ग्रामसभेत मांडणार म्हटल्यावर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "बोला हो ताई, पण ठेकेदाराला पळवून लावू नका. आमच्या धाकट्याची फी जूनमध्ये आहे."

तो ठेकेदार गेल्या आठवड्यात आमच्याकडेही येऊन गेला. खालचा तुकडा अजून शिल्लक आहे ना! हे म्हणाले, "हिला विचारा." आमच्याही धाकट्याची फी जूनमध्येच भरायची आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही.