अर्टिगाच्या मागचा तो छोटा बिल्ला

पालम तालुक्यात जुन्या डिझेल अर्टिगा अजून भरपूर आहेत. लग्नाचं वऱ्हाड, नांदेडच्या दवाखान्याच्या फेऱ्या, तुळजापूर-पंढरपूरचं दर्शन, सगळा भार याच गाड्यांवर. त्यातल्या २०१५ च्या अखेरीपासून पुढच्या गाड्यांच्या मागच्या दारावर एक छोटा बिल्ला असतो, 'एसएचव्हीएस'. बऱ्याच मालकांनी तो कधी नीट पाहिलेला नाही. काहींनी डेंटिंग-पेंटिंगच्या वेळी काढला तो परत लावलाच नाही. आणि ज्यांना ठाऊक आहे ते म्हणतात, "नावाचीच हायब्रिड हो मिस्त्री, बॅटरीवर फूटभर तरी चालते का?"

नाही चालत. पण तेवढ्यावरून तिला खोटं ठरवणं मला पटत नाही. डिझेलच्या गाड्या खोलण्यात आणि जोडण्यात माझं आयुष्य चाललंय, आणि गेल्या काही वर्षांत माझ्या गॅरेजमध्ये आलेल्या गाड्यांमध्ये इतक्या कमी खर्चात इतकं डोकं वापरलेली दुसरी गोष्ट मला सापडलेली नाही.

बॉनेट उघडलं की इंजिन ओळखीचंच. १२४८ सीसीचं, चार सिलिंडरचं, मूळ फियाटचं मल्टिजेट. हेच इंजिन स्विफ्ट आणि डिझायरमध्ये, हेच टाटाच्या व्हिस्टात. त्यासाठी ते आपल्या पुण्याजवळ रांजणगावलाही तयार व्हायचं. आमच्या पिढीचे मिस्त्री या एका इंजिनावर पोसले गेले. एसएचव्हीएसमध्ये इंजिनाला हात न लावता बाजूचा अल्टरनेटर बदलला. त्या जागी जे बसवलं ते दोन्हीकडून काम करतं. इंजिनानं फिरवलं तर वीज तयार करतं, वीज दिली तर उलट इंजिनाला फिरवतं. दोन्ही कामं एकाच बेल्टवरून होतात. साध्या गाडीत बेल्ट फक्त इंजिनाकडून अल्टरनेटरला ओढतो. इथं कधी इंजिन ओढणार, कधी मोटर ओढणार, म्हणजे बेल्टची ताणलेली बाजू क्षणात सैल आणि सैल बाजू क्षणात ताणलेली. ते दोन्हीकडून सांभाळण्यासाठी टेन्शनर वेगळा लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला तिथं काहीच नवीन दिसत नाही, आणि मला वाटतं त्यामुळेच कुणी त्याचं कौतुक केलं नाही.

गाडी बसस्टँडजवळ थांबली, न्यूट्रल केली, क्लच सोडला की इंजिन बंद पडतं. ड्रायव्हरचा सीटबेल्ट लावलेला हवा, दार लागलेलं हवं, बॅटरीत दम हवा, या अटी गाडी स्वतः तपासते. क्लच दाबला की इंजिन पुन्हा सुरू. त्या वेळी कान देऊन ऐका. सेल्फचा तो नेहमीचा 'कर्रर्र' आवाज येत नाही, कारण दाताला दात लागतच नाही. बेल्टच इंजिनाला फिरवून उठवतो. हात बॉनेटवर ठेवला तर नुसती एक थरथर जाणवते. उभ्या गाडीत डिझेल इंजिन तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास पितं. कारखान्याच्या हंगामात गंगाखेडकडे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे अडकलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

दुसरं काम ब्रेकच्या वेळचं. माणसांनी भरलेल्या अर्टिगाचं वजन सोळा-सतराशे किलो धरा. ती ताशी ६० च्या वेगावर नेण्यासाठी जी ताकद लागते तिला साधारण २० मिलिलिटर डिझेल जळतं. चाटोरी फाट्यावर कुणी हात केला, ब्रेक दाबला, की ते डिझेल ब्रेक पॅडवर उष्णता होऊन गेलं. असे पन्नास ब्रेक म्हणजे एक लिटर. साधी गाडी हे सगळं हवेत सोडून देते. एसएचव्हीएस त्यातलं थोडं परत मिळवते. पाय अॅक्सिलरेटरवरून उचलला की ती जोरात चार्जिंग करते, आणि गाडी पळवताना चार्जिंगचा भार इंजिनावरून काढून घेते. शिवाय जोर लागला की साठवलेल्या विजेतून बेल्टवरून थोडा हातभारही लावते. चिखलातल्या बैलगाडीला मागून कुणी खांदा लावावा, तेवढाच. गाडी ओढणारे बैलच असतात, पण त्या खांद्यानं फरक पडतो.

किती फरक पडतो? पुण्याच्या एआरएआयच्या चाचणीत जुन्या डिझेल अर्टिगाचा आकडा लिटरला २०.७७ किलोमीटर होता, एसएचव्हीएस आल्यावर तो २४.५२ झाला. हीच पद्धत आल्यावर सियाझ २६.२१ वरून २८.०९ वर गेली. हे आकडे रोलरवर काढलेले असतात आणि त्या चाचणीत गाडी बराच वेळ नुसती उभी असते, म्हणून इंजिन बंद करणाऱ्या गाडीला तिथं फायदा जास्त दिसतो, हे खरं आहे. लोहा, सोनखेड करत सरळ नांदेडला जाणाऱ्याला तेवढा फरक दिसणार नाही. गावोगावी थांबत, माणसं घेत-सोडत चालणाऱ्याला दिसेल. आपल्याकडचे भाड्याचे ड्रायव्हर नेमके असेच चालवतात.

आता 'बॅटरीवर चालत नाही' या आक्षेपाकडे येतो. १९९९ च्या डिसेंबरात होंडानं अमेरिकेत इनसाइट नावाची गाडी विकायला काढली. अमेरिकेत विक्रीला आलेली ही पहिली आधुनिक हायब्रिड. टोयोटाची प्रियस जपानमध्ये दोन वर्षं आधी निघाली होती, पण अमेरिकेत पोचायला तिला वेळ लागला. इनसाइटमध्ये जागा दोनच माणसांची, बॉडी अॅल्युमिनियमची, वजन साडेआठशे किलोच्या आत, मागची चाकं हवेचा अडथळा नको म्हणून झाकलेली. एक लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये जेमतेम सहा सेंटीमीटर जाडीची चपटी मोटर. तिथल्या सरकारी चाचणीत ही गाडी हमरस्त्यावर लिटरला तीस किलोमीटरच्या जवळ गेली. आणि ही इनसाइटसुद्धा नुसत्या मोटरवर चालत नव्हती. तिची मोटर इंजिनाला मदत करायची, ब्रेकच्या वेळी वीज परत घ्यायची आणि गाडी थांबल्यावर बंद झालेलं इंजिन पुन्हा उठवायची. तीच तीन कामं. जगानं तिला हायब्रिड म्हणून मान दिला. आपल्या अर्टिगातली मोटर लहान आहे, बॅटरी साधी लेड-अॅसिडची आहे, काम त्यामानानं कमी होतं. पण विचार त्याच घराण्यातला आहे.

होंडानं त्याच पद्धतीची सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये भारतात आणली. बाहेरून आयात केलेली, किंमत साडेएकवीस लाख. पालममध्ये तेव्हा त्या पैशात जमीन झाली असती. माझ्या दृष्टीनं एसएचव्हीएसचं मोल इथंच आहे. ज्यांनी ती आखली त्यांनी अॅल्युमिनियमची बॉडी मागितली नाही, महागडी बॅटरी मागितली नाही. जे इंजिन गावागावातल्या मिस्त्रीला उघडता येतं तेच ठेवलं, बारा व्होल्टवरच सगळं बसवलं, आणि गाडी मध्यमवर्गी माणसाच्या आवाक्यात राहील असं पाहिलं. कमी साधनांत काम करून दाखवणं हे जास्त अवघड इंजिनिअरिंग आहे, असं मी ठामपणे मानतो.

सरकारी धोरणानं मात्र तिला नीट उभं राहू दिलं नाही. एप्रिल २०१५ मध्ये हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांसाठी फेम योजना आली, तिच्यात अशा गाड्यांना १३ हजार रुपयांची सवलत होती. १ एप्रिल २०१७ पासून माइल्ड हायब्रिड, म्हणजे एसएचव्हीएससारख्या गाड्या, त्यातून वगळल्या. तीन महिन्यांनी जीएसटी आला आणि अर्टिगा-सियाझच्या आकाराच्या हायब्रिडवर २८ टक्के कर अधिक १५ टक्के उपकर बसला, म्हणजे ४३ टक्के. सवलत काढली हे एक वेळ समजू शकतो. मोठी बॅटरी असलेल्या गाड्यांना ती द्यावी, हा विचार चुकीचा नाही. पण डिझेल वाचवणाऱ्या यंत्रावर आलिशान गाडीच्या बरोबरीनं कर लावणं मला आजही अन्यायाचं वाटतं. पुढे एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम आले आणि मारुतीनं डिझेल गाड्याच बंद केल्या. पेट्रोलमध्ये ही पद्धत पुढे चालू राहिली, पण आपल्याकडच्या लांब फेऱ्यांची डिझेल जोडी तिथंच संपली.

जे नुकसान धोरणानं केलं नाही ते आम्ही आमच्या हातानं करतोय, आणि यासाठी मला मिस्त्री बांधवांशीही बोलायचं आहे. या गाडीची बॅटरी मोठी आणि वेगळी असते. वारंवार इंजिन उठवणं आणि जोरात चार्ज होणं तिला झेपतं. ती संपली की मालक किंमत ऐकतो आणि म्हणतो, साधीच टाका. साधी टाकली की काही दिवसांत गाडी थांबल्यावर इंजिन बंद व्हायचं थांबतं, अॅव्हरेज घसरतं, आणि दोष हायब्रिडला लागतो. बेल्टचंही तसंच. साध्या अल्टरनेटरचा स्वस्त बेल्ट घातला तर तो घसरतो, ओरडतो, तुटतो. मग कुणीतरी सांगतं, "ही भानगडच काढून टाका." बनवस-पेठशिवणीकडून ही पद्धत अशी बंद करून टाकलेल्या गाड्या माझ्याकडे येतात. यंत्र शाबूत असतं, त्याला काम करायची सोय तेवढी कुणी ठेवलेली नसते.

तालुक्यातल्या आयटीआयच्या मुलांना शिकवायला महागडी विजेची गाडी मिळेल तेव्हा मिळेल. तोवर अपघातात गेलेल्या एखाद्या एसएचव्हीएसचं इंजिन स्टँडवर मांडून ठेवा. मोटर, जनरेटर, ब्रेकमधून परत येणारी वीज, सगळं एका बेल्टभोवती हातानं फिरवून दाखवता येतं. उद्या हीच मुलं मोठ्या हायब्रिड आणि विजेच्या गाड्या दुरुस्त करणार आहेत.

आणि ज्यांच्या दारात ही गाडी उभी आहे त्यांना एवढंच सांगणं: बॅटरी बदलताना तिच्या नंबरचीच घ्या, बेल्ट आणि टेन्शनर कंपनीचाच मागा, थांबल्यावर इंजिन बंद पडलं तर घाबरून किल्ली फिरवू नका, नुसता क्लच दाबा. मागचा बिल्ला कुणी काढला असेल तर तो परत लावून घ्या.