चुकलेल्या साच्याचे शिक्षण

प्लास्टिकच्या छोट्या विमानाच्या पंखाची कड एक मिलिमीटर जाड आहे, ही तक्रार ऐकायला क्षुल्लक वाटते. पण मॉडेल १/७२ प्रमाणाचे असेल तर तीच कड खऱ्या विमानावर ७२ मिलिमीटर, म्हणजे चार बोटे भरते. पहिल्या महायुद्धातल्या विमानांचे पंख लाकडी सांगाड्यावर ताणलेल्या लिननच्या कापडाचे असत आणि मागच्या कडेला अगदी निमुळते होत. तिथे चार बोटांची जाडी आली की पंखाचा पाट होतो. १९५० च्या दशकातल्या किटमध्ये असे दोष जागोजागी सापडतात. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने १९५३ साली स्पिटफायरचे किट काढले आणि पुढच्या काही वर्षांत सॉपविथ कॅमल, टायगर मॉथ अशी बायप्लेन, म्हणजे एकावर एक दोन पंखांची विमाने, प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्वस्तात विकायला आणली. ही किट आजही जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळतात, कुणाच्या माळ्यावरही निघतात. आज त्यांच्यापेक्षा कितीतरी अचूक किट उपलब्ध असताना ती कशाला बांधायची, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे, की ती चुकलेली आहेत म्हणूनच बांधावीत आणि बांधताना सुधारावीत. नव्या किटमध्ये अचूकता विकत मिळते. जुन्यात ती पुरावा शोधून मिळवावी लागते. शिक्षण म्हणतात ते या शोधण्यातच होते.

पंखाच्या पृष्ठभागापासूनच सुरुवात करू. विमान कापडाचे आहे हे दिसावे म्हणून जुने साचे बनवणाऱ्यांनी दोन फासळ्यांमधले कापड ओल्या चादरीसारखे लोंबते दाखवले. प्रत्यक्षात कापडाला डोप नावाचे रोगण देत. ते वाळताना कापड आक्रसून तबल्याच्या पुडीसारखे ताठ होई. संग्रहालयातले विमान किंवा त्या काळचे छायाचित्र पाहिले की हे कळते. मग पुट्टी भरायची, ओला पॉलिशपेपर फिरवायचा आणि फासळ्यांची हलकी चाहूल तेवढी ठेवायची. रंगाचेही तसेच. ब्रिटिश विमानांच्या वरच्या बाजूला पीसी १० नावाचा रंग असे. पिवळसर गेरूवजा माती आणि काजळी यांपासून तो बने. तो हिरवट होता की तपकिरी, यावर अभ्यासक अनेक दशके वाद घालत आले आहेत, कारण रंगाचे मिश्रण, ऊन आणि जुनेपण यांनी त्याची छटा बदलत असे. किटच्या सूचनापत्रात या वादाला जागा नसते, तिथे रंगाचा एक क्रमांक असतो. सुधारायला बसलेल्या माणसाला मात्र कोणती छटा घ्यायची आणि कशाच्या आधारावर, हे स्वतः ठरवावे लागते.

आकाराची भूमिती याहून बोलकी आहे. सॉपविथ कॅमलचा वरचा पंख सरळ सपाट, तर खालचा टोकाकडे सुमारे पाच अंशांनी वर उचललेला. मॉडेलवर ही उचल जेमतेम पाच मिलिमीटरची, त्यामुळे जुन्या किटच्या सैल खुंट्यांवर पंख चिकटवताना ती सहज हरवते. ती राखायची म्हणून माणूस कारण शोधू लागतो आणि कळते, की वरचा पंख सपाट ठेवला तो उत्पादन सोपे व्हावे म्हणून. त्याची भरपाई खालच्या पंखाचा कोन वाढवून केली. टायगर मॉथचे पंख मागे झुकलेले का, याचे उत्तरही असेच आहे. पुढच्या आसनावरच्या शिक्षकाला पॅराशूटसह बाहेर पडता यावे म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला आणि तोल बिघडू नये म्हणून पंख मागे झुकवले. याच विमानावर भारतीय हवाई दलातल्या आणि आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांमधल्या कितीतरी वैमानिकांनी उड्डाणाचे पहिले धडे घेतले. एका कोनामागे कारखान्याची सोय असते, दुसऱ्यामागे शिक्षकाचा जीव असतो. किट बिनचूक जुळले असते तर हे प्रश्न पडलेच नसते.

बायप्लेन बांधणाऱ्याची खरी कसोटी तारांत लागते, कारण जुन्या किटमध्ये बहुधा त्या नसतातच. या तारा शोभेच्या नव्हत्या. त्या काळचा पातळ पंख एकटा भार पेलू शकत नसे. दोन पंख, मधले खांब आणि तिरप्या तारा मिळून रेल्वेच्या पुलासारखा एक सांगाडा तयार होई. विमान उडताना हवा पंखांना वर रेटते, तेव्हा धडाच्या तळापासून वरच्या पंखाकडे गेलेल्या तारा ताण घेतात. विमान जमिनीवर उभे असताना पंखांचे वजन उलट तिरप्या जाणाऱ्या तारा तोलतात. सहा मिलिमीटरची तार १/७२ प्रमाणात केसाएवढी होते, म्हणून साधा शिवणाचा दोरा चालत नाही, तो दोरखंडासारखा दिसतो. मग किटचे भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिचीच कांडी मेणबत्तीच्या धगीवर मऊ करून अलगद ओढतात आणि तिचा तंतू तारेच्या जागी बसवतात. कोणता तंतू कुठून कुठे जातो हे न समजता हे काम होत नाही, आणि समजले की दुपंखी विमाने का आली आणि मजबूत एकपंखी रचना साधल्यावर ती मागे का पडली, हेही उलगडते.

नवी किट इतकी चांगली असताना हा खटाटोप कशाला, हा पहिला आक्षेप. एअरफिक्सनेच २०१४ मध्ये टायगर मॉथचे संपूर्ण नवे किट आणले. न्यूझीलंडमध्ये चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या विंगनट विंग्ज कंपनीने पहिल्या महायुद्धातल्या विमानांची १/३२ प्रमाणातली किट इतक्या तपशिलाने काढली, की सुधारायला फारसे काही उरू नये. ज्याला कपाटात सुंदर विमान हवे आहे त्याने नवेच घ्यावे, यात वाद नाही. पण विंगनट विंग्ज २०२० मध्ये बंद पडली. उत्तम किटही बाजारातून जाते; पट्टी, कानस आणि जुनी छायाचित्रे वाचण्याची नजर मात्र माणसाजवळ राहते. थ्रीडी प्रिंटरबद्दलही हेच म्हणता येईल. तो हवा तो भाग घडवून देतो, पण फाइल बनवणाऱ्याची चूकही इमानाने छापतो. ती ओळखायला कोन आणि जाडी मोजण्याची सवय लागतेच.

दुसरा आक्षेप संग्राहकांचा. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे किट हा स्वतःच एक ऐतिहासिक दस्तऐवज आहे, त्यावर कानस चालवणे म्हणजे तो पुसणे, असे ते म्हणतात. जे किट खरोखर दुर्मीळ आहे ते पिशवीतच ठेवावे, हे मला मान्य आहे. पण अनेक जुने साचे पुढे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा वापरले गेले. त्यातले एक किट बांधल्याने इतिहास बुडत नाही. शिवाय त्या साच्यांचा खरा मान त्यांच्यावर काम करणाऱ्यालाच राखता येतो. खांब जाड आहेत, कारण ते लहान मुलाच्या बोटांनी मोडू नयेत आणि साच्यातून अख्खे निघावेत. हे उमगले की चूक दिसते तिथे त्या कारागिरांपुढची अडचणही दिसते. त्यांनी ठेवलेले काम पुढे नेण्यात त्यांचा अवमान नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: ही माणसे मारणारी यंत्रे आहेत, त्यांची खेळणी करून युद्धाचे कौतुक कशाला? यावर कॅमलच्या आतली रिकामी जागा पाहावी. जुन्या किटमध्ये तिथे बहुधा खुंटीवर बसवलेला एक ठोकळेबाज वैमानिक असतो. ती जागा खरी करायची म्हटली की वेताचे आसन, त्याच्या मागेच पेट्रोलची टाकी आणि भोवती लाकूड व कापड, एवढेच हाती येते. ब्रिटिश वैमानिकांना त्या युद्धात पॅराशूट देत नसत. याच कॅमलमध्ये २८ व्या स्क्वॉड्रनचे हरदितसिंग मलिक १९१७ मध्ये लढले. पायात गोळी लागून ते परतले तेव्हा विमानावर शेकडो गोळ्यांची भोके होती. पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राण ते वापरत. किटमधल्या वैमानिकाच्या डोक्यावर नेहमीची कातडी टोपी असते. मलिक घडवायचे तर पुट्टीचे कण रचून तिथे पगडी आणि तिच्यावरचे शिरस्त्राण आणावे लागते. साच्याने ज्याचा विचारच केला नव्हता असा एक भारतीय तरुण तेव्हा आसनावर बसतो, आणि त्याच्या पाठीशी पेट्रोलची टाकी होती हे हातांना ठाऊक झालेले असते. अशा बांधणीतून युद्धाचे कौतुक वाढत नाही. त्याची किंमत कळते.

महाराष्ट्राला हा विचार परका वाटू नये. दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात, तेव्हा राजगड करायचा तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या हव्यात, असा आग्रह धरणारे एखादे मोठे माणूस घरात असते. त्या आग्रहापायी मूल नकाशा उघडते आणि मातीचा ढीग गड होऊ लागतो. आता बाजारात प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्लेही मिळतात, पण ते मांडताना माच्या मोजण्याची वेळ येत नाही. शाळांच्या कार्यानुभवाच्या तासाला जुन्या, सदोष मॉडेलला जागा मिळावी असे मला वाटते ते यासाठीच. एखादे जुने किट हाती आले, तर गोंदाची नळी उघडण्याआधी मुलाच्या हाती पट्टी द्यावी. त्याला पंखाची कड मोजू द्यावी, आलेला आकडा ७२ ने गुणू द्यावा आणि खऱ्या विमानाची कड एवढी जाड असेल का, हे त्यालाच शोधायला सांगावे.