अडकित्त्यांना जागा द्या!

कॉन्व्हेंटवाल्यांना म्युझियम म्हटलं की लंडन-पॅरिस आठवतं. (मीही त्यातलीच, म्हणून बोलतेय.) पण पुण्यात बाजीराव रोडजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. नगर रोडने उठसूट पुण्याला जाणाऱ्या आम्हा कारेगावकरांपैकी ते किती जणांनी पाहिलंय, हे न विचारलेलंच बरं.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे काही राजे-महाराजे नव्हते. घरचं चष्म्याचं दुकान, आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पत्नी कमलाबाईंनी साथ दिली. जमवलं काय? तर अडकित्ते, दिवे, दौती, कुलुपं, फण्या, पाय घासायच्या वज्री, वाद्यं, वाड्यांचे दरवाजे. कोथरूडचा मस्तानी महालसुद्धा उचलून आणून पुन्हा उभा केला! बालपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं आणि सगळं सरकारला दान केलं.

आता गणित बघा. वस्तू वीस हजारांच्या वर आणि मांडलेल्या साधारण अडीच हजार. म्हणजे आठातली एक! बाकीच्या सात पेट्या-कपाटांत. बावधनला मोठ्या जागेची चर्चा किती वर्षं चालली आहे. माझं म्हणणं एवढंच, की दान घेताना हार घालून फोटो काढले की काम संपत नाही. देणाऱ्याने आयुष्य दिलं, घेणाऱ्याने निदान भिंती तरी द्याव्यात.

"आधी पाणी, मग रस्ते, म्युझियम कसलं?" असं आमच्या वर्गातले विद्वान म्हणतात. डब्लिनच्या नगरसेवकांनाही खर्च आणि जागा पटली नव्हती. तिथे ह्यू लेन नावाच्या माणसाने १९०८ मध्ये शहरासाठी चित्रांची गॅलरी काढली. १९१३ मध्ये कॉर्पोरेशनने नव्या इमारतीचा बेत नाकारला आणि तो रागावून ३९ चित्रं लंडनला घेऊन गेला. पुढे मन बदललं, चित्रं डब्लिनलाच द्यावीत असं लिहून सहीही केली, पण साक्षीदार घेतले नाहीत. १९१५ मध्ये लुसिटानिया जहाजाबरोबर तो बुडाला. झालं! १९५९ मध्ये तडजोड होईपर्यंत दोन शहरं भांडत राहिली, आणि आजही ती चित्रं वाटून घ्यावी लागतात. रस्ते काय, नंतरही झाले असते.

आणि आपलं गाव? रांजणगाव एमआयडीसी आली, पैसा आला, बंगले आले. जुनी घरं पाडताना तांब्याचे हंडे, घंगाळं, जाती, पाटे निघाले आणि थेट भंगारवाल्याच्या टेम्पोत गेले. आमच्या आजीचा अडकित्ता मी लपवून ठेवलाय, म्हणून वाचला. केळकरांसारखा वेडा माणूस प्रत्येक गावाला कुठून मिळणार? पण इथे वॉशिंग मशीन आणि मोटारी बनवणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांचा कर येतो. त्यातून ग्रामपंचायतीने एक कोरडी, कुलूपबंद खोली द्यावी. लोक वस्तू देतील. कुणाच्या घरची, कुठल्या कामाची, केवढी, हे लिहून घ्यायला आपण पोरं आहोतच. सिव्हिलवाल्यांनी मांडण्या कराव्यात, कॉम्प्युटरवाल्यांनी यादी. शनिवारी वेळ असतो सगळ्यांना, कॅन्टीनमध्ये दिसतोच की!