थांबा कुठे आणि किती वेळ?

मधुमेह, रक्तदाब, संधिवात, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार यांपैकी एखादी व्याधी ज्याच्या मागे जन्माची लागलेली आहे, असा मनुष्य प्रवासास निघाला म्हणजे घरची मंडळी, शेजारी आणि डॉक्टर त्याला जो उपदेश करतात, त्याचा मथितार्थ असा असतो की, हा प्रवास सुखाचा होणे न होणे सर्वस्वी त्याच्याच दक्षतेवर अवलंबून आहे. उपदेश खोटा नाही, पण तो अपुरा आहे. रुग्णाने आपल्याकडून सर्व तजवीज केल्यानंतरही जे त्याच्या हाती उरत नाही, त्याचा जाब कोणी कोणाला विचारीत नाही, आणि माझ्या मते प्रवासातील क्लेशांचा मोठा वाटा नेमका तेथेच आहे.

रुग्णाच्या हाती काय आहे, ते आधी सांगतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. वापरात असलेली कुपी किंवा पेन २५ ते ३० अंशांपर्यंतच्या उष्म्यात साधारण चार आठवडे टिकते. परंतु मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत त्याहूनही वर जातो, तेव्हा ते ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवण्याची आपल्या आजीची माठाची युक्तीच उपयोगी पडते. विमानाने जाणाऱ्याने ते हातातल्या पिशवीतच ठेवावे, कारण खालच्या सामानात ते गोठण्याचा धोका असतो आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर दिसायला पूर्ववत दिसले तरी भरवशाचे राहत नाही. मुलांकडे अमेरिकेस जाणाऱ्या आईवडिलांनी औषधांची चिठ्ठी व्यापारी नावांनी न घेता मूळ औषधी नावांनी लिहून घ्यावी, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तिकडच्या औषधविक्रेत्यास अपरिचित असतात. मूळ नावेही क्वचित बदलतात, जसे दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल तेथे अल्ब्युटेरॉल म्हणून मिळते. पश्चिमेस जाताना प्रवासाचा दिवस लांबतो आणि पूर्वेस येताना आखूड होतो, म्हणून मात्रेचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घेतलेले बरे. विम्याच्या दस्तऐवजात आधीपासून असलेल्या आजाराविषयीचे कलम बारीक अक्षरांत छापलेले असते. ते चष्मा लावून वाचावे.

असे पथ्यपाणी सांभाळून दूरदूरचे प्रवास करणारी माणसे आपल्याकडे पूर्वीही होऊन गेली. लोकमान्य टिळकांना मधुमेह होता. मंडालेच्या सहा वर्षांच्या कारावासात आणि त्यानंतर, चिरोल खटल्यासाठी १९१८ साली विलायतेस गेले तेव्हाही, आहाराचे नियमन हाच त्यांचा प्रमुख उपाय होता. कारण इन्सुलिन प्रथम मनुष्यास टोचले गेले ते जानेवारी १९२२ मध्ये, टोरांटो येथे, म्हणजे लोकमान्यांच्या निधनानंतर सुमारे दीड वर्षाने. औषधशास्त्राने तेव्हापासून केलेली मजल अद्भुत आहे. दुर्दैवाने आपल्या प्रवासी व्यवस्थेविषयी तसे म्हणता येत नाही.

रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या अनेक रुग्णांना अंगातील अतिरिक्त पाणी व क्षार लघवीवाटे निघून जावेत म्हणून सकाळी एक गोळी दिलेली असते, आणि ती घेतल्यावर काही तास वारंवार लघवीस जावे लागते. पहाटे सहाच्या गाडीने निघणारी पन्नाशीची बाई काय करते, हे बहुतेक घरांत ठाऊक आहे: ती त्या दिवशी गोळी घेत नाही आणि पाणीही पीत नाही. मधुमेह्याचे संकट दुहेरी असते. रक्तातील साखर वाढली की लघवी आपोआप वाढते, साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या अलीकडच्या गोळ्यांनी तिच्यात भर पडते, आणि तरीही तो घोटभर पाण्यावर दिवस काढतो. उन्हाळ्याचा दिवस, शरीरातील पाणी कमी, पाय लोंबकळत ठेवून सहा-सात तासांची एकाच जागेवरची बैठक, अशा स्थितीत पायांना सूज येते, मूत्रमार्गास जंतुसंसर्ग होतो, आणि क्वचित पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी धरण्यापर्यंत मजल जाते. परतल्यावर डॉक्टर विचारतात, गोळी का चुकवलीत? त्यांनी विचारावयास हवे ते, गाडी कुठे थांबली होती?

जेवणाचीही हीच कथा. एक वाजता गाडी जेवणासाठी थांबेल या भरवशावर मधुमेही इन्सुलिन टोचून घेतो आणि गाडी अडीच वाजता थांबते. मधल्या काळात त्याची साखर उतरू लागते, घाम फुटतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते, आणि शेजारच्या सहप्रवाशांचा समज होतो की गृहस्थांनी मद्यप्राशन केले आहे. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवणे हे रुग्णाचे कर्तव्य खरेच. पण गाडीचा थांबा अज्ञात असणे हा काही त्याचा अपराध नव्हे.

या देशात पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गेली, आणि त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ खालच्या वर्गाच्या उतारूंच्या डब्यांत शौचालय नव्हते. १९०९ साली ओखिलचंद्र सेन नावाच्या एका बंगाली प्रवाशाने रेल्वेच्या साहिबगंज येथील कचेरीस मोडक्यातोडक्या इंग्रजीत एक तक्रारअर्ज धाडला. फणस खाऊन पोट फुगल्यामुळे ते स्थानकावर उतरले, आणि तेवढ्यात गार्डाने शिटी दिल्याने एका हातात लोटा व दुसऱ्या हातात धोतर सावरीत त्यांना फलाटावर धावावे लागले, अशी त्यांची फिर्याद होती. हा अर्ज लोक आजही विनोद म्हणून वाचतात. पण डब्यांत शौचालये होण्याशी त्याचा संबंध जोडला जातो, तो लक्षात घेता, आपल्या प्रवासी इतिहासातील हा एक फार गंभीर दस्तऐवज आहे असे मला वाटते, कारण शरीरधर्माविषयी सरकारी दफ्तरात लेखी तक्रार करण्याचे धैर्य त्या गृहस्थाने दाखविले.

आपली सरकारे रुग्णाकडे पाहतात ती मात्र निराळ्याच दृष्टीने. रेल्वेच्या भाड्यात अकरा प्रकारच्या रुग्णांना सवलत आहे आणि ती स्तुत्यच आहे. पण तिच्या बहुतेक कलमांत रुग्णाचा प्रवास उपचारासाठी, रुग्णालयाकडे जाण्यासाठीच गृहीत धरला आहे. रुग्ण पुतण्याच्या लग्नाला जातो, पंढरीस जातो, नुसता समुद्र पाहावयासही जातो, ही कल्पनाच त्या नियमांना शिवलेली दिसत नाही. खालची शायिका साठ वर्षांवरील पुरुषास आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रीस शिल्लक असेल तर आपोआप मिळते. संधिवाताने गुडघे आखडलेल्या पस्तिशीच्या तरुणाने मात्र समोरच्याची मनधरणी करावी.

आपल्या एस.टी.ने १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडली, तेव्हापासून या राज्यातील सामान्य माणसाच्या येण्याजाण्याचा भार तिने वाहिला आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना विनामूल्य आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या भाड्यात प्रवासाची मुभा मिळाली. म्हणजे ज्यांना जुनाट विकार असण्याचा संभव अधिक, त्यांनाच सरकारने आवर्जून गाडीत बोलावले. बोलावल्यावर त्यांच्या मूत्रविसर्जनाची चिंता वाहणे हे ओघाने आलेच.

माझी मागणी अगदी लहान आहे, आणि ती एस.टी.कडे जितकी आहे तितकीच खासगी गाड्यांच्या मालकांकडेही आहे. लांब पल्ल्याच्या प्रत्येक तिकिटावर गाडी मध्ये कुठे थांबणार, किती मिनिटे थांबणार आणि तेथे स्वच्छतागृह आहे की नाही, एवढे छापावे. आणि आजारी प्रवाशासाठी अधिकचा थांबा घेण्याची लेखी मुभा चालक-वाहकांना असावी. आजही विनंती केल्यास चालक बहुधा गाडी थांबवतो, हे मी नाकारीत नाही. परंतु चाळीस-पन्नास परक्या माणसांदेखत उठून, पुढपर्यंत चालत जाऊन, ती विनंती करणे ज्या बाईला जमत नाही, ती तोंड मिटून बसून राहते, आणि तिची तक्रार कोणत्याही नोंदवहीत उमटत नाही.

यावर असा आक्षेप येईल की, रस्त्यावरच्या कोंडीमुळे थांब्यांच्या वेळा पाळता येणार नाहीत. रेल्वेच्या गाड्याही उशिरा धावतात, तरी तिचे वेळापत्रक छापू नये असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. पुण्याहून मुंबईस निघालेली गाडी बोरघाटात दोन तास अडकून पडली, तरी घाट उतरल्यावर खालापूरला ती पंधरा मिनिटे थांबणार आहे हे तिकिटावर छापलेले असेल, तर गोळी सकाळी घ्यायची की तिची वेळ डॉक्टरांना विचारून पुढे ढकलायची, याचा निर्णय त्या बाईला निघण्यापूर्वीच, आपल्या घरी बसून करता येईल.