निवृत्तांसाठी शाळेची घंटा

मुंबईतली नोकरी संपवून चाकरमानी मालवणकडच्या गावी परततो. पहिलं वर्ष घराची डागडुजी आणि माडा-पोफळीची निगा यांत जातं. पुढे दुपार खायला उठते.

हातांबरोबर डोक्यालाही काम हवं. ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी साड्या नेसून, दप्तर घेऊन पाटीवर अक्षरं गिरवू लागल्या. अंगठ्याच्या जागी स्वतःची सही आली, यापरता आनंद कोणता?

सिंधुदुर्गात तर गुरूही घरचेच आहेत. सावंतवाडीची गंजिफा लोप पावत होती, तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती कला शिकून घेतली. उतारवयात शिकता येतं तसंच शिकवताही येतं, आणि याकडेच आपलं सर्वाधिक दुर्लक्ष होतं. पिंगुळीची चित्रकथी, दशावताराचं संगीत, मोबाइलवरचे बँकव्यवहार; विषयांना तोटा नाही.

शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामेच असतात. ग्रामपंचायतींनी आठवड्यातून दोन दिवस ते ज्येष्ठांसाठी उघडावेत. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडाच.