पाटी तीच, धनी नवे

आमच्या गुंजीच्या माऊलीच्या जत्रेत माझ्या लहानपणी खेळण्यांची दुकाने जमिनीवरच मांडलेली असत. पसरलेल्या पोत्यावर भिरभिरी, पिपाण्या, भोवरे आणि हाताला रंग लागणाऱ्या बाहुल्या. दुकानाला पाटी नसे आणि दुकानदाराचे नाव विचारण्याचे कुणाला कारण पडत नसे. त्यामुळे काही वर्षांपूर्वी मुंबईस भाचीकडे गेलो असता तिच्या मुलाने मला हाताला धरून ज्या दुकानात नेले, तेथे मी काहीसा बावरूनच गेलो. लोअर परळचे ते 'हॅमलीज'. आतला एक तरुण विक्रेता साबणाचे फुगे उडवीत होता. तो अभिमानाने म्हणाला, "आजोबा, आमचं दुकान सतराशे साठ सालचं आहे."

मराठी माणसाला १७६० म्हटले की उदगीरची लढाई आठवते आणि तिच्या पाठोपाठ पानिपत. भाऊसाहेब उत्तरेच्या वाटेवर होते, त्याच वर्षी कॉर्नवॉल प्रांतातल्या बॉडमिन गावच्या विल्यम हॅमलीने लंडनच्या हाय होबर्न रस्त्यावर खेळण्यांचे दुकान घातले आणि त्याला 'नोहाची नौका' असे नाव दिले. लाकडी खेळणी, चिंध्यांच्या बाहुल्या, पत्र्याचे शिपाई असा तेथला माल. पुढच्या पिढ्यांनी व्यापार वाढविला. १८८१ मध्ये, म्हणजे आपल्याकडे 'केसरी' निघाला त्या साली, रीजंट स्ट्रीटवर शाखा निघाली. १९०१ मध्ये मूळ दुकान आगीत जळाले. आज टेबल टेनिस म्हणून जो खेळ आपण जाणतो, तो 'पिंगपाँग' या नावाने बाजारात आणण्यातही हॅमली बंधूंचा वाटा होता.

घराण्याच्या हातून दुकान गेले ते १९३१ च्या मंदीत. तेव्हा ते वॉल्टर लाइन्स यांनी घेतले, आणि हे हस्तांतर मला साऱ्यांत शोभून दिसते. लाइन्स घराणे मुळात डुलते लाकडी घोडे करणारे. तिघा भावांनी कारखाना काढला आणि तीन रेषांचा त्रिकोण होतो म्हणून मालाला 'ट्रायअँग' हे नाव ठेवले. खेळणी करणाऱ्यानेच खेळणी विकणाऱ्याचे घर सावरले. १९३८ मध्ये राणी मेरी यांची राजमान्यता मिळाली. दुसऱ्या महायुद्धात दुकानावर पाच वेळा बॉम्ब पडले. नोकरांनी डोक्यावर लोखंडी टोप चढवून दारातच गिऱ्हाइकांना खेळणी दिली, असे सांगतात.

१९७१ मध्ये लाइन्स बंधूंचे दिवाळे निघाले आणि तेथून पुढे या दुकानाला स्थिर धनी असा लाभलाच नाही. काही काळ ते डेबनहॅम्स या कापडाचोपडाच्या मोठ्या दुकानवाल्यांकडे होते, मग आणखी कुणाकुणाकडे. २००३ मध्ये आइसलँडच्या बाउगुर कंपनीने घेतले. २००८ मध्ये त्या देशातल्या बँकाच बुडाल्या आणि लंडनमधली मुलांची बाहुली आइसलँडच्या बुडीत बँकेच्या वहीत जाऊन बसली. २०१२ मध्ये फ्रान्सच्या ल्युडेंडो या खेळणीवाल्यांनी, २०१५ मध्ये सी. बॅनर नामक बायकांची पादत्राणे करणाऱ्या चिनी कंपनीने आणि २०१९ मध्ये मुंबईच्या रिलायन्सने ते घेतले. चिन्यांनी सुमारे दहा कोटी पौंडांना घेतलेले दुकान चारच वर्षांत सुमारे ६ कोटी ८० लाख पौंडांना, म्हणजे ६२० कोटी रुपयांच्या आसपास, विकले. त्या वेळी १८ देशांत त्याच्या १६७ शाखा होत्या. ज्या कंपनी सरकारने आपल्यावर राज्य केले, तिच्या काळातले दुकान आज आपल्याकडच्या कंपनीचे आहे, याचा मुंबईत अनेकांना आनंद झाला. मलाही थोडा झाला, खोटे कशाला बोलू?

परंतु धनी बदलला आणि दुकान तगले, असे दर वेळी घडत नाही. अमेरिकेत चार्ल्स लॅझरस यांनी १९४८ मध्ये वॉशिंग्टनला लहान मुलांचे पाळणे व लाकडी सामान विकण्यास आरंभ केला. त्यातून 'टॉईज आर अस' ही जगङ्व्याळ दुकानमाला उभी राहिली. २००५ मध्ये गुंतवणूकदारांच्या एका गटाने ती ६६० कोटी डॉलरना घेतली. पण त्यातला फार मोठा भाग कर्जाचा होता आणि ते कर्ज घेणाऱ्यांच्या नव्हे, दुकानाच्याच खात्यावर चढले. एखाद्याने आपले शेत विकत घ्यावे, पैसा मात्र त्याच शेतावर कर्ज काढून उभा करावा आणि व्याज पिकातून भरावे, तसा हा प्रकार. दरसाल व्याज भरता भरता दुकाने नीट ठेवण्यास पैसा उरेना. त्यात घरबसल्या खरेदीची स्पर्धा आली. २०१७ मध्ये दिवाळखोरी, २०१८ मध्ये अमेरिकेतली सारी दुकाने बंद. तीस हजारांहून अधिक माणसे घरी बसली. बंदची घोषणा झाल्यावर आठवड्याभरातच म्हातारे लॅझरस वारले. नोकरांनी आरडाओरडा केल्यावर दोन गुंतवणूक कंपन्यांनी त्यांच्यासाठी दोन कोटी डॉलरचा निधी काढला. माणशी काय पडले असेल, याचा हिशेब वाचकांनी करावा. दुकानाचे नाव मात्र मेले नाही. ते पुन्हा विकले गेले आणि २०२२ मध्ये मेसीज या दुकानांच्या एकेका कोपऱ्यात ती पाटी परत झळकली.

हे सारे मी घरी येऊन वाचले. त्या दिवशी दुकानात माझ्या मनात दुसरेच काही चालले होते. हॅमलीजने भारतातले आपले पहिले दुकान २०१० मध्ये उघडले ते फिनिक्स मिलच्या आवारात. फिनिक्स ही १९०५ मधली कापडगिरणी. त्याच भागातल्या दुसऱ्या एका गिरणीत माझे काका साचेवाले होते. ते मिरजेला गाडी बदलून जत्रेला गावी येत आणि येताना लालबागच्या फुटपाथवरून माझ्यासाठी काही तरी आणीत. १९८२ च्या जानेवारीत संप झाला. काका "चार महिन्यांत मिटेल" म्हणून गावी आले ते कायमचेच. पुढे गिरणी हातोहात फिरली, जमिनीला सोन्याचा भाव आला. देण्यांचे पत्र येईल म्हणून काका कित्येक वर्षे दुपारी पोस्टमनची वाट पाहत ओसरीवर बसत. पत्र आले नाही.

भाचीच्या मुलाने दुकानात एक मोटार पसंत केली. किंमत पाहून मी चष्मा पुसला आणि ती घेऊन दिली. पुढच्या मे महिन्यात तो गुंजीला आला, तेव्हा माळ्यावरून मी त्याला काकांनी आणलेली पत्र्याची मोटार काढून दाखविली. किल्ली हरवली आहे, एक चाक नाही. त्याने ती उलटीसुलटी करून खालून पाहिली.

"आजोबा, ही कुठल्या कंपनीची?"

मीही चष्मा लावून पाहिले. खाली काहीच लिहिलेले नव्हते. मग त्याने ओसरीवर ती ढकलून दिली आणि तीन चाकांवर ती एका अंगाला वळत उंबऱ्यापर्यंत गेली.